फुटबॉलचे बूट शिवून मिळतील: चप्पल लाइनमागचं दुकान, एका मिडफिल्डरच्या हिशेबानं

फुटबॉलचे बूट दुरुस्त करून वापरता येतात हे कोल्हापूरबाहेरच्या पोरांना सांगितलं की त्यांना थापा वाटतात. सोल उचकटला की जोड टाकून द्यायचा, एवढंच त्यांना माहीत. ज्याला कंपनी घरपोच बूट पाठवते त्यानं खुशाल टाकावा. मी पैसे घेऊन फुटबॉल खेळायला लागल्याला आता पंधराएक वर्षं झाली आणि एवढ्या काळात एकाही क्लबनं मला बूट दिलेले नाहीत. जर्सी देतात, शॉर्ट देतात, मोजे देतात. प्रवासात घालायला ट्रॅकसूट देतात आणि सीझन संपला की तो मोजून परत घेतात. बूट मात्र ज्याचे त्यानं बघायचे. माझे बूट मी या दुकानाच्या जिवावर बघितले, म्हणून दुकानाबद्दल सविस्तर लिहितोय.

आधी माझं फुटबॉल सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कळेल. मी पेठेतला. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की त्याची तालीम, म्हणजे पेठेतला फुटबॉलचा संघ, ठरलेली असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की गॅलरी दुपारीच भरते, आणि निकाल कसाही लागला तरी ईर्षा रात्री गल्लीपर्यंत पोचते. माझी तालीम कुठली ते लिहीत नाही, उगाच वाद नकोत. मी मधल्या फळीत खेळतो, होल्डिंगला. म्हणजे बचावफळीच्या पुढं उभं राहायचं, समोरच्याची चाल मोडायची, बॉल काढून घ्यायचा आणि आपल्यापेक्षा बरं खेळणाऱ्याच्या पायात द्यायचा. पेपरात नाव येत नाही. रेफ्रीच्या वहीत येतं.

अठराव्या वर्षी पुण्याला गेलो. तेव्हा पुण्या-मुंबईत दार ठोठवायला क्लब तरी होते. महिंद्रा युनायटेड 2010 मध्येच बंद झाला होता, पण पुणे एफसी होता, मुंबई एफसी होता, पुढं डीएसके शिवाजियन्सही आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये, आला. मग एकेक दिवा विझला. 2016-17 च्या सीझननंतर मुंबई एफसी आणि डीएसके दोघंही आय-लीगमध्ये दिसले नाहीत, 2019 ला एफसी पुणे सिटीनंही गाशा गुंडाळला. मी यातल्या कुणाच्याच मोठ्या संघात नव्हतो. मी त्याच्या खालच्या मजल्यावर होतो: आय-लीगची सेकंड डिव्हिजन, पुण्यातली लीग, मुंबईतली लीग. पण वरचा क्लब बंद पडला की तिथले वीस-पंचवीस खेळाडू खाली उतरतात आणि खाली जो कुणी बसलेला असेल त्याला उठवतात. तो 'जो कुणी' म्हणजे मी.

करार सात-आठ महिन्यांचा असायचा. पहिल्या क्लबात महिना पंधरा हजार, राहायला एका खोलीत चौघं, जेवण क्लबचं. उरलेल्या महिन्यांत कोल्हापूरला येऊन तालमीकडून खेळायचं, स्पर्धेगणिक जे मिळेल ते घ्यायचं. एका क्लबाकडून माझे शेवटचे दोन पगार यायचे राहिलेत. क्लबच उरला नाही, त्यामुळं मागायचे कुणाकडं हा प्रश्न आपोआप मिटला. नोकरीवाल्या संघांची गोष्ट वेगळी. रेल्वे, इन्कम टॅक्स, बँका यांच्याकडून खेळणाऱ्याला पहिल्या तारखेची काळजी नसते. मी मुंबईत एका ऑफिसच्या टीमकडून मानधनावर खेळलो, कायम मात्र झालो नाही.

पंधरा हजारांत चांगला जोड म्हणजे अर्धा पगार. म्हणून आमच्यातला जवळजवळ प्रत्येकजण दोन जोड ठेवतो. जालंधरला बनलेला हजार-दीड हजाराचा सरावाला, आणि एक भारीतला मॅचला. भारीतला म्हणजे सात-आठ हजारांचा, तोही मागच्या वर्षीच्या रंगातला, सेल लागला की घेतलेला. वीस-बावीस हजारांचे बूट आम्ही दुकानात हातात घेऊन वाकवून बघतो आणि जागेवर ठेवतो.

आता दुकान. चप्पल लाइन, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची ओळ, माहीत असेलच, नाहीतर भवानी मंडपाजवळ कुणालाही विचारा. त्या लाइनच्या मागं एक बोळ आहे, तिथं हे आहे. पाटी नाही. एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढा फळीचा ओटा, मागं भिंतीला खिळे, आणि खिळ्यांना लेसांनी बांधून टांगलेले बूट. सीझनमध्ये भिंत दिसत नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणतो. घराणं कोल्हापुरी चपला करणारं. हात त्यातच बसलेला, पण चपलांच्या धंद्यात राम नाही म्हणून तरुणपणीच बुटांकडं वळले. 2019 ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येकजण मामांना त्यावर मत विचारायचा. मामा म्हणायचे, "त्यास्नी म्हनावं बूट उसवला तर हिकडं धाडा."

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा जोड उलटा केला, डाव्या बुटाची बाहेरची कड अंगठ्यानं दाबली, उजव्याचा आतला भाग बघितला आणि विचारलं, "मदल्या फळीत खेळतोस न्हवं?" मी म्हटलं, कसं ओळखलं? तर म्हणाले, "फॉरवर्डचा म्होरनं फाटतो. गोलकीपरचा फाटतच न्हाई, चेंबतो. तुझा कडंनं उसवलाय, आनि आतनं घासलाय." खरंच होतं. मी उजव्या पायाचा. डावा पाय रोवून वळायचं, परत वळायचं, पुन्हा उलटं वळायचं, हाच माझा धंदा. मॅचमध्ये मधला खेळाडू दहा किलोमीटरच्या आसपास पळतो, पण सरळ फार कमी पळतो. त्या वळण्याचा सगळा ताण रोवलेल्या पायाच्या बाहेरच्या कडेवर येतो, आणि उजव्याचं आतलं अंग आखूड पास देऊन झिजतं. एवढी वर्षं मला बऱ्याच कोचनी बघितलं. एकानं तर ट्रायलला वीस मिनिटं बघून मला राइट बॅक, म्हणजे बचावफळीतला उजवीकडचा, ठरवलं होतं.

काम कसं करतात ते जरा खोलात सांगतो, कारण पैसे त्याचेच आहेत. आजकालचे बहुतेक बूट शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. प्लॅस्टिकचा सोल, वर पातळ सिंथेटिक किंवा विणलेलं अप्पर, मध्ये गोंद. टाच उचलली की बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकतो, तिथं गोंद पहिल्यांदा सुटतो. त्यात माती जाते, पाणी जाते, आणि पंधरा दिवसांत बूट जबडा उघडतो. रस्त्यावरचा माणूस त्यात सोल्युशन भरतो आणि दाबून देतो. मामा आधी तो जबडा पूर्ण उघडतात. आतला जुना गोंद रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, खरवडतात, मग सँडपेपर मारतात, मग हीट गननं ऊब देतात. सोल्युशनचा एक हात, तो सुकला की दुसरा हात, आणि बोट लावून चिकटपणा बघून मगच दाबतात. रात्रभर आत फर्मा (पायाच्या आकाराचा साचा) घालून, वर वजन ठेवून सोडतात. शिलाई दुसऱ्या दिवशी.

शिलाई बघण्यासारखी आहे. सुकतळा काढून बाजूला ठेवतात. सोलच्या कडेला रापीच्या टोकानं एक बारीक खाच पाडतात, सरळ रेघेत, पट्टी न लावता. त्या खाचेतून आकड्याची आरी आत जाते, आतून डाव्या हातानं मेण लावलेला नायलॉनचा दोरा आकड्यात अडकवायचा, आरी बाहेर ओढायची, फास घालायचा, आवळायचा. डावा हात बुटाच्या आत असतो, दिसत काहीच नाही, सगळं बोटांच्या अंदाजानं. टाका खाचेत बसतो, त्यामुळं बाहेर घासत नाही. शेवटी टाक्यांच्या भोकांवरून पातळ सोल्युशन फिरवतात, नाहीतर पाणी आत येतं. पूर्ण जोड शिवायला तास-दीड तास लागतो, आणि तेवढ्यात तीन माणसं येऊन भाव विचारून जातात.

असा शिवलेला जोड मला दोन सीझन जातो. कंपनीतून आला तसाच वापरला तर मॅच आणि सराव धरून चार-पाच महिन्यांत कड सुटायला लागते. शिवल्यावर बूट किंचित जड होतो हे खरं. पण फरक पहिल्या सरावापुरता जाणवतो. उलट डावा पाय रोवताना बूट पायाला धरून राहतो, आत पाय सरकत नाही. माझ्यासारख्याला तेच पाहिजे. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारे, असाल, एकेक ग्रॅम मोजत असाल, तर तुमचं गणित वेगळं.

भाव: नुसतं चिकटवायला दीडशे, कडेनं पूर्ण शिलाई जोडीला साडेतीनशे, टाचेचं आतलं अस्तर बदलायला दोनशे. पोरं शाळेची असली तर कमी घेतात, किती ते पोराच्या तोंडाकडं बघून ठरतं. स्टड म्हणजे सोलखालचे गुट्टे; ते स्क्रूसारखे फिरवून बसवायचे असतील तर बदलून देतात. क्यूआर कोड आहे, पण नाव मुलीचं येतं, दचकू नका.

काय करत नाहीत तेही सांगतो. सोलबरोबर साच्यातच ओतलेला स्टड मोडला तर तो चिकटवून देत नाहीत, कितीही गयावया करा. "उद्या तुजा पाय मुरगाळला तर तुजी आई माज्या दारात यील." कृत्रिम गवतासाठी एफजीचे, म्हणजे खऱ्या गवताच्या टणक मैदानाच्या बुटांचे, स्टड कापून द्या म्हणणारेही येतात. मुंबईला कूपरेजवर कृत्रिम गवत आहे, इथलं शाहू स्टेडियम मातीगवताचं. एफजीचे लांब पात्यासारखे स्टड कृत्रिम गवतात रुततात, बूट जागेवर राहतो आणि गुडघा फिरतो. त्याला आखूड, गोल आणि संख्येनं जास्त स्टड असलेले एजी, म्हणजे कृत्रिम गवताचे, बूट लागतात. म्हणजे तिसरा जोड. तो परवडत नाही म्हणून पोरं कापायला आणतात. मामा नाही म्हणतात आणि बरोबर करतात. कापलेल्या स्टडला धार येते. मॅचआधी रेफ्री किंवा लाइन्समन बूट उलटे करून हात फिरवतात, धार लागली तर मैदानात सोडत नाहीत. मुंबईत असताना मी एजीचा जोड एका सहकाऱ्याबरोबर अर्धे-अर्धे पैसे घालून घेतला होता. माप एकच, जागाही एकच. दोघांपैकी एकजण बाकावर असायचाच, त्यामुळं अडचण कधी आली नाही.

विणलेल्या अप्परच्या बुटांबाबत मामा स्पष्ट सांगतात की टाका धरला तर धरला. मोज्यासारखं ते कापड, कडेला पकडायला मांस नाही, दोरा आवळला की फाटतं. अशा जोडाला फक्त पुढच्या टोकाला शिवतात, बाकी गोंदावर. तुम्ही नवे बूट घेणार असाल आणि पुढं शिवून वापरायचा विचार असेल तर कातड्याचे किंवा जाड सिंथेटिकचे घ्या. दुकानात रंग बघण्याआधी सोलची कड बघा. ती कड वर चढून अप्परला धरत असेल तर शिलाई बसते. हा सल्ला मी आता सकाळी शाळेतल्या ज्या पोरांना शिकवतो त्यांच्या बापांनाही देतो. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपला अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून इथल्या बापांचं बजेट वाढलंय, पण पोराचा पाय वर्षात एखाद-दुसरं माप वाढतो हे त्यांना कोण सांगणार.

तुलना म्हणून एक गोष्ट. पुण्यात असताना मोबाइलवरून बूट घरून नेऊन दुरुस्त करून आणून देणारी एक सेवा वापरली. शिलाईच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे घेतले. बूट आले ते खोक्यात, पातळ कागदात गुंडाळून, वास मारून, लेसा धुऊन. दिसायला नवे. सेकंड डिव्हिजनची मॅच होती, वॉर्म-अपमध्येच डाव्याची कड सुटली. फिजिओनं टेप गुंडाळली, पांढरी, बुटाच्या बाहेरून चार वेढे, आणि मी पहिला हाफ तसाच खेळलो. टेपवर बॉल लागला की कुठं जाईल ते सांगता येत नाही. हाफटाइमला कोचनी मला काढलं. कारण बूट होतं की मी, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पुढच्या सीझनला त्या क्लबानं करार वाढवला नाही. एका मॅचवरून कुणी असं ठरवत नाही हे मला कळतं, पण माझ्यासारख्याला एका सीझनमध्ये सुरुवातीपासून खेळायला मॅच मिळतात तरी किती? त्या सेवेनं शिलाई केलीच नव्हती, फक्त चिकटवून चमकवलं होतं.

आता मामांच्या दुकानातल्या तक्रारी, त्याही आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे वेळ. "उद्या ये" याचा अर्थ परवा, आणि केएसए लीग, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, रंगात आली असेल तर त्याचा अर्थ देवालाच माहीत. पावती नाही. बुटाच्या आत खडूनं खूण करतात, ती पायाच्या घामानं आधीच पुसलेली असते. एकदा माझा जोड परत मिळाला तो आमच्या विरुद्ध पेठेच्या रंगाच्या लेसा घालून. मी सरावाला जाऊन बूट काढेपर्यंत लक्षात आलं नाही, आणि ड्रेसिंग रूममध्ये जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामांना सांगितलं तर म्हणाले, "लेसला कुठली रं पेठ असती?" कोल्हापुरात बसून हे वाक्य म्हणायला धाडस लागतं.

फोन लावू नका, उचलत नाहीत. दोन्ही हात बुटात असतात. गर्दीत कुणाचं काम आधी करायचं याला नियम नाही. ज्याची मॅच जवळ त्याचा बूट वर, असं ते सांगतात, पण मोठ्या तालमीच्या स्टार खेळाडूचा बूट नेहमीच वर असतो असं माझं निरीक्षण आहे. बाहेरून खेळायला आलेली आफ्रिकन पोरंही आता तिथं असतात. मामा त्यांच्याशी अस्सल कोल्हापुरीत बोलतात आणि ती पोरंही "व्हय मामा" म्हणतात. त्यांचाही करार सीझनपुरता, त्यांचेही बूट स्वतःचेच. भाषेवाचून त्यांचं माझं तिथं बरंच बोलणं होतं. 2025 च्या जुलैत आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीगच, अडकून पडली तेव्हा खालच्या लीगचं काय होणार हे विचारायलाही कुणी नव्हतं. त्या काळात भिंतीवर बूट कमी आणि ओट्यावर गप्पा मारणारे जास्त होते.

मी आता तेहतिशीत आहे. गुडघा थंडीत बोलतो. तालमीकडून अजून खेळतो, पण सुरुवातीपासून कमी, शेवटची पंचवीस-तीस मिनिटं जास्त, आघाडी टिकवायची असेल तेव्हा. वळण्याचा वेग कमी झालाय. ते मला माझ्या आधी मामांनी सांगितलं: डाव्या बुटाची कड यंदा आधीसारखी उसवत नाही म्हणून.

कुणी जावं? ज्याचा जोड पाच हजारांच्या वरचा आहे आणि सोल शाबूत आहे, त्यानं नक्की. जालंधरच्या हजाराच्या बुटाला साडेतीनशेची शिलाई घालणं परवडत नाही, त्याला दीडशेचं चिकटवणं पुरे. नवे भारी बूट घेतल्याबरोबर, उसवायच्या आधीच शिवून घेणारेही आहेत. मी आता तेच करतो, कारण कोरड्या, स्वच्छ कडेवर टाका सगळ्यात घट्ट बसतो. लीग सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास गेलात तर दोन दिवसांत काम होईल. पावसाळ्यात मैदान बंद असतं तेव्हा तर मामा गप्पांसकट करून देतात. बूट धुऊन, सावलीत वाळवून न्या. ओला किंवा चिखलाचा जोड ते हातात घेत नाहीत, "घरला जा, आईकडनं धुवून आन" म्हणतात, मग तुम्ही कितीही वयाचे असा. लेसा काढून घरी ठेवा. आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.